मोनार्कच्या वाटेवरचे मुक्काम

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या आमच्या परसात मिल्कवीडच्या पानामागे मोनार्क फुलपाखराचं टाचणीच्या डोक्याएवढं दुधी रंगाचं अंडं दिसलं, म्हणून व्हिडिओ कॉल लावून मी ते साताऱ्याला आईला दाखवत होते. अंडं तिला दिसलंच नाही, तिचं सगळं लक्ष पानाकडे. दाखवता दाखवता माझ्या हातून पान तुटलं, देठातून पांढरा चीक टपकला आणि ती म्हणाली, "अगं, ही तर आपली रुई!"

रुई नव्हे, पण अंदाज अगदी जवळचा. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई आणि अमेरिकेतलं मिल्कवीड ही एकाच कुळातली झाडं. तसाच चीक, तशाच शेंगा, शेंगेत तसाच रेशमी कापूस. रुईवर वाढणारा बिबळ्या कडवा आपल्याकडे कुठल्याही माळरानावर दिसतो. मोनार्क त्याचा सख्खा चुलतभाऊ. नारिंगी पंख, त्यावर काळ्या शिरा, काळ्या काठावर पांढरे ठिपके. मादी मिल्कवीडच्या पानांवर सुटं सुटं एकेक अंडं घालते. चौथ्या दिवसाच्या सुमारास अळी बाहेर येते आणि पुढचे दोन आठवडे मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाही. चिकातलं विष ती अंगात साठवून ठेवते, तेच पुढे फुलपाखरात उतरतं. एकदा मोनार्क खाऊन ओकलेला पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. मात्र हा चीक अळीलाही चिकटतो, छोटी अळी त्यात अडकून मरू शकते. म्हणून ती खायला बसण्याआधी पानाची शीर कुरतडते, तिथून चीक वाहून जाऊ देते आणि मग पलीकडचा कोरडा भाग खाते. हे मी भिंग घेऊन पाऊण तास पाहिलं आहे. हातातला चहा गार झाला तरी उठवेना.

आता मोनार्कचं वर्ष. समजायला वारीसारखं आहे, एक मोठा फरक सोडला तर. या वारीत पंढरपूरला पोचलेला वारकरी आपल्या गावी परत येत नाही. त्याची नातवंडं-पतवंडं येतात.

उन्हाळ्यात जन्मलेलं फुलपाखरू दोन ते सहा आठवडे जगतं. अंडी घालतं, संपतं. अशा तीन-चार पिढ्या होतात. मग ऑगस्टअखेर दिवस लहान व्हायला लागतात, रात्री गार पडतात, मिल्कवीडची पानं जून होतात आणि त्या सुमारास कोशातून निघणारी पिढी वेगळीच असते. ती जोडी जमवत नाही, अंडी घालत नाही. फुलांतला मध पिऊन अंगात चरबी साठवते आणि दक्षिणेला निघते. ही पिढी आठ-नऊ महिने जगते. कॅनडाच्या दक्षिण भागातून, आमच्या इलिनॉयसारख्या राज्यांतून, टेक्सास ओलांडून मध्य मेक्सिकोपर्यंत काही जणी चार हजार किलोमीटर उडतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. दिशा सूर्यावरून कळते, आणि सूर्य सरकतो त्याचा हिशेब ठेवणारं घड्याळ मिशांमध्ये असतं. ज्या डोंगरावर जायचं तो यांपैकी एकीनंही आधी पाहिलेला नसतो.

मेक्सिको देशात मिचोआकान आणि देशाच्याच नावाचं मेक्सिको या दोन राज्यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या आसपास ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांची जंगलं आहेत. तिथे ही फुलपाखरं इतक्या दाटीनं लटकतात की फांद्या वाकतात. दाट झाडी त्यांच्यासाठी गोधडीही असते आणि इरलंही. ऊब धरून ठेवते, पावसात भिजू देत नाही. भिजलेलं फुलपाखरू थंडीत गोठून मरतं. मार्चमध्ये ती उत्तरेकडे निघतात, टेक्सासच्या आसपास कोवळ्या मिल्कवीडवर अंडी घालतात आणि तिथेच त्यांचा प्रवास संपतो. पुढचा टप्पा मुलांचा, त्यापुढचा नातवंडांचा.

ही वाट शोधली कशी, हे सांगायलाच हवं, कारण या कामात साधी माणसं पहिल्यापासून आहेत. टोरांटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांची पत्नी नोरा यांनी फुलपाखरांच्या पंखांवर चिकटवायची इवलीशी लेबलं तयार केली आणि कॅनडा-अमेरिकेतल्या हौशी लोकांना हाताशी धरलं. कित्येक वर्षं लेबलं लावणं आणि कुणी मेलेलं फुलपाखरू पाठवतंय का याची वाट बघणं, एवढंच. अखेर जानेवारी १९७५ मध्ये केन ब्रगर आणि मेक्सिकोच्या कातालिना अग्वादो या त्यांच्या सहकाऱ्यांना सेरो पेलॉन डोंगरावर तो थवा सापडला. पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः तिथे गेले तेव्हा लाखोंच्या त्या गर्दीत पांढरं लेबल लावलेलं एक फुलपाखरू निघालं. मिनेसोटातल्या चास्का गावी एका शिक्षकानं आणि दोन विद्यार्थ्यांनी ते लेबल लावलं होतं. अर्थात डोंगराखालच्या गावांना हे थवे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. मोनार्क पोचतात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, त्यांच्या मृतांच्या सणाच्या दिवसांत, त्यामुळे हे आपले पूर्वजच घरी आले असं तिथले लोक मानतात. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या घरातून आलेल्या मला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

फुलपाखरं मोजता येत नाहीत, म्हणून मेक्सिकोत त्यांनी व्यापलेलं जंगल मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांहून जास्त होतं. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टर उरलं. त्यानंतर कधी वर, कधी खाली. २०२३-२४ मध्ये ०.९०, पुढच्या हिवाळ्यात १.७९. निदान सहा हेक्टर तरी हवेत असं शास्त्रज्ञ म्हणतात. रॉकी पर्वताच्या पश्चिमेची मोनार्क मेक्सिकोला न जाता बहुतांशी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर थांबतात. त्यांची मोजणी स्वयंसेवक झाडाखाली उभे राहून करतात. १९८० च्या दशकात तिथे लाखोंनी असत, २०२० मध्ये दोन हजारसुद्धा भरली नाहीत.

कारणं एकाहून जास्त आहेत. मेक्सिकोतली बेकायदा वृक्षतोड आहे. हवामानाचे तडाखे आहेत. जानेवारी २००२ च्या एका वादळात तिथल्या वसाहतींमधली बहुतेक फुलपाखरं गोठून मेली. पण माझ्या घराच्या आजूबाजूला जे झालं ते शेतात झालं. अमेरिकेच्या मध्यभागातल्या मका-सोयाबीनच्या सऱ्यांमध्ये मिल्कवीड पूर्वीपासून तग धरून असायचं. नांगराखाली आलं तरी मुळांपासून पुन्हा फुटायचं. १९९६ पासून तणनाशक सहन करणारं सोयाबीन आलं, पाठोपाठ तसाच मका आला. ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी उभ्या पिकावर करता येऊ लागली, पीक राहिलं आणि बाकी सगळं गेलं. जॉन प्लेझंट्स आणि कॅरन ओबरहॉउझर या संशोधकांच्या अंदाजानुसार १९९९ ते २०१० या काळात मध्य-पश्चिमेतलं मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटलं आणि तिथे तयार होणाऱ्या मोनार्कची संख्या ८१ टक्क्यांनी. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण शेतातल्या मिल्कवीडवर इतर ठिकाणच्या मानानं जास्त अंडी पडायची.

यात शेतकऱ्याला दोषी धरून चालणार नाही. माझ्या आजोबांचं अर्धं आयुष्य हरळी उपटण्यात गेलं. एका फवारणीत रान स्वच्छ होतंय म्हटल्यावर त्यांनीही तेच केलं असतं.

मग भरपाई किती करायची? इथल्या मध्यवर्ती राज्यांनी मिळून २०३८ पर्यंतचा जो आराखडा केला, त्यात मिल्कवीडच्या १३० कोटी नव्या काड्या उभ्या करायचं ठरलं. आकडा वाचून छातीत धस्स होतं. २०१७ मध्ये संशोधकांच्या एका गटानं हिशेब मांडून पाहिला. नुसती अभयारण्यं घेतली तर पुरत नाही, नुसती शहरं घेतली तर पुरत नाही, नुसत्या रस्त्याकडेच्या पट्ट्यांनीही भागत नाही. आणि शेतजमिनीचा बांध-कोपरा सोडून दिला तर बेरीज जुळतच नाही. थोडक्यात, सगळ्यांनी हात लावल्याशिवाय हे उचललं जाणार नाही.

मला यातलं मर्म असं वाटतं. वाघाला सलग जंगल लागतं. मोनार्कला लागतात मुक्काम. पालखीच्या वाटेवर गावोगाव कुणी पाण्याची घागर भरून ठेवतं, कुणी भाकरी थापतं, तसे वाटेवरचे छोटे छोटे तुकडे. एकाच गावी मोठं अन्नछत्र घातलं आणि पुढे दीडशे मैल काही नसलं, तर उपयोग नाही. म्हणून दहा फुटांच्या वाफ्यालाही इथे खरोखर किंमत आहे.

कॅन्सस विद्यापीठात ऑर्ली टेलर यांनी १९९२ मध्ये मोनार्क वॉच सुरू केलं. लेबलं लावायचं काम आज त्यांच्यामार्फत चालतं. २००५ पासून ते अशा मुक्कामांची नोंद करतात. निदान दोन जातींची मिल्कवीडची दहा झाडं, मध देणारी फुलझाडं, दिवसाचे सहा तास ऊन, एवढं असलं की तुमची बाग नोंदवता येते. शाळांच्या, चर्चच्या, वृद्धाश्रमांच्या, तुरुंगांच्या आवारातही मिल्कवीडचे वाफे झाले आहेत. सेंट लुईस शहरानं २०१४ मध्ये आपल्या अडीचशेव्या वाढदिवसाला २५० मोनार्क बागांचा संकल्प सोडला. २०१५ पासून महापौरांसाठी प्रतिज्ञापत्र निघालं, त्यात गवत कधी कापायचं, पालिकेच्या नियमांत काय बदलायचं असली रोजच्या कारभारातली कामं आहेत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरानं त्यातली सगळी कामं करायचं पहिल्यांदा कबूल केलं. ओक्लाहोमातल्या मस्कोगी, चिकासॉ आणि इतर आदिवासी राष्ट्रांनी आपल्या जमिनींवर देशी मिल्कवीडचं बी गोळा करून रोपं वाढवायला घेतली. टेक्सासपासून मिनेसोटापर्यंत जाणारा आय-३५ हा महामार्ग नेमका मोनार्कच्या वाटेखालून जातो. २०१६ मध्ये सहा राज्यांनी त्याच्या कडेच्या जमिनीवर मिळून काम करायचं ठरवलं. रस्त्याकडेचं गवत ऐन जुलैत कापलं की अंडी-अळ्या सगळंच जातं. वेळ बदलली तरी पुष्कळ वाचतं, आणि त्याला जादा पैसेही लागत नाहीत.

वीज कंपन्या आणि रस्ते खात्यांसाठी २०२० मध्ये एक करार तयार झाला, तो समजून घेण्यासारखा आहे. खासगी कंपनीला भीती असते की आपल्या जागेत दुर्मीळ प्राणी वाढला तर उद्या सरकार काम बंद पाडेल. त्यापेक्षा तो वाढूच नये, असं तिला वाटतं. करार म्हणतो, तुम्ही आजपासून तारांखालच्या इतक्या टक्के जमिनीची मोनार्कसाठी काळजी घ्या, उद्या मोनार्क संरक्षित यादीत आलं तरी तुमच्यावर जादा अटी लादणार नाही. भीती काढून टाकली की माणूस मदतीला येतो. कायदा करणाऱ्यांना हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता लावायचं कसं. इथे मी स्वतः चुकले आहे.

पहिल्या वर्षी एका मोठ्या दुकानातून मिल्कवीडच्या चार कुंड्या आणल्या. पानं इतकी तुकतुकीत की एक भोक नाही. आठवड्यात अंडी पडली, अळ्या निघाल्या, पाठोपाठ त्या एकेक करून लुळ्या पडल्या, हिरवं पाणी ओकून काळ्या झाल्या. अकरा होत्या, दोन दिवसांत एकही उरली नाही. मी पाहुण्यांना जेवायला बोलावून पानात विष वाढलं होतं. नंतर वाचनात आलं, की १५ राज्यांतल्या ३३ रोपवाटिकांमधून मिल्कवीडची पानं तपासली होती, अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. प्रत्येक नमुन्यात कुठलं ना कुठलं कीटकनाशक वा बुरशीनाशक सापडलं, एकूण ६१ प्रकारची. तेव्हापासून मी रोप घेताना फवारणीबद्दल विचारते, आणि शक्यतो बीच लावते. बियांना हिवाळा दाखवावा लागतो, त्याशिवाय त्या फारशा उगवत नाहीत. ओल्या कागदात गुंडाळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवायच्या, मग मातीत. पहिल्या वर्षी रोप मुळं धरण्यातच दंग असतं, त्यामुळे फुलं आली नाहीत म्हणून उपटून टाकू नये.

दुसरी चूक आपल्या लोकांकडून सहज होते. आपल्याकडे बागेत लाल-पिवळ्या फुलांचं हळदी-कुंकू असतं ना, तेही एक मिल्कवीडच, मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. गावच्या आठवणीनं ते हौसेनं लावलं जातं. आमच्याकडे बर्फात ते मरून जातं, त्यामुळे फारसं बिघडत नाही. पण फ्लोरिडा, टेक्सासचा किनारा, कॅलिफोर्निया इथे ते बाराही महिने हिरवं राहतं. मोनार्कवर एक सूक्ष्म परजीवी असतो, त्याचे बीजाणू पानांवर साठत जातात. देशी मिल्कवीड थंडीत वाळून जातं, तेव्हा ते साफ होतात. हळदी-कुंकवावर मात्र वाढतच राहतात, आणि निघायच्या वेळी हिरवी पानं दिसल्यानं काही फुलपाखरं पुढे जायचंच सोडून तिथेच अंडी घालत बसतात. तिकडे राहणाऱ्यांनी ते लावू नये. असलंच तर शरद ऋतूत जमिनीलगत छाटावं. कॅलिफोर्नियात जिथे मोनार्क हिवाळा काढतात, त्या किनाऱ्यापासून पाच मैलांच्या आत तर कुठलंच मिल्कवीड लावू नका असं तज्ज्ञ सांगतात. तिथे हवी ती मधाची फुलं.

मधाच्या फुलांकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. मिल्कवीड हा पाळणा आहे, शिदोरी नव्हे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऍस्टर, गोल्डनरॉड, लायाट्रिस अशी देशी फुलं नसली तर दक्षिणेला निघालेली उपाशी जातात. काही संशोधकांच्या मते खरी गळती या शरदातल्या प्रवासातच होते, उन्हाळ्यातल्या मिल्कवीडच्या टंचाईत तेवढी नाही. त्यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. माझ्यापुरतं मी ठरवलं, वाफ्यात दोन्ही असू द्यावं.

आणि अळ्या शेकड्यांनी घरात आणून वाढवू नयेत. मलाही मोह होतो, कारण बाहेर शंभर अंड्यांमागे जेमतेम काहीच फुलपाखरं होतात. पण २०१९ च्या एका अभ्यासात विक्रीसाठी पाळलेली मोनार्क दक्षिणेला तोंडच करेनात, आणि घरात वाढवलेल्यांचीही तीच गत झाली. मुलांना दाखवायला एखादी अळी बरणीत ठेवली तर ठीक आहे.

आमच्या वसाहतीच्या मंडळाकडून मला तण काढण्याची नोटीस आली होती. वाईट वाटलं. मिल्कवीड २०१७ पासून इलिनॉयचं अधिकृत रानफूल आहे आणि मोनार्क १९७५ पासून अधिकृत कीटक. तोही डिकेटर गावच्या तिसरीतल्या मुलांनी सुचवला म्हणून. पण जुन्या नियमांना ते तणच. बऱ्याच ठिकाणी अशीच लढाई द्यावी लागली. कॅनडातल्या ऑंटारिओनं २०१४ मध्ये मिल्कवीडला उपद्रवी तणांच्या यादीतून काढलं. मेरीलँडनं २०२१ मध्ये कायदाच केला, की देशी झाडांची बाग करायला वसाहतीची मंडळं मनाई करू शकत नाहीत. मी वाफ्याला विटांची कड लावली, पाटी लावली, समोरच्या दोन फुटांवर बुटकी फुलं लावली. नीटनेटकं दिसायला लागल्यावर पुन्हा पत्र आलं नाही. शेजारच्या आजींनी तर माझ्याकडून रोपं नेली.

मेक्सिकोकडे पुन्हा वळते, कारण तिथल्या लोकांनी जे सोसलं त्यापुढे आमच्या नोटिसा काहीच नाहीत. राखीव क्षेत्र ५६ हजार हेक्टरांचं आहे, २००८ पासून जागतिक वारसा आहे, पण जमीन बरीचशी एहिदो म्हणजे गावकीच्या सामाईक मालकीची. जंगल राखा म्हणणं सोपं, पण चुलीला आणि पोटाला काय? २००० पासून एका निधीतून झाडं न तोडण्याबद्दल आणि जंगल राखण्याबद्दल गावांना मोबदला मिळतो. पर्यटकांना डोंगर दाखवणं, रोपवाटिका, रात्रीची गस्त ही कामं गावकरीच करतात. एल रोसारिओचे ओमेरो गोमेस गोन्सालेस हे अशांपैकीच. स्वतः एकेकाळी लाकूडतोडीत होते, नंतर जंगलाचे राखणदार झाले. जानेवारी २०२० मध्ये ते बेपत्ता झाले आणि दोन आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला. त्यांच्यामागेही गस्त थांबलेली नाही.

तापमान वाढतंय तसं ओयामेलला जुनी उंची मानवेनाशी होईल. म्हणून मेक्सिकोतले वनशास्त्रज्ञ क्वाउतेमोक साएन्स-रोमेरो यांनी कालिमाया गावच्या लोकांना बरोबर घेऊन २०२१ मध्ये नेवादो दे तोलुका डोंगरावर, आजच्या जंगलांपेक्षा वरच्या बाजूला, झुडपांच्या सावलीत ओयामेलची रोपं लावली. त्यांच्या फांद्यांना फुलपाखरं लटकायला कित्येक दशकं जातील.

कायदाही हळूहळू सरकतोय. कॅनडानं डिसेंबर २०२३ मध्ये मोनार्कला संकटग्रस्त ठरवलं, अमेरिकेनं डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षित यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला.

एवढं करून फरक पडतो का, असं मला नेहमी विचारतात. मी कॅलिफोर्नियाचे आकडे सांगते. २०२० मध्ये दोन हजारांच्या आत, आणि लगेच २०२१ मध्ये जवळजवळ अडीच लाख. एक मादी तीन-चारशे अंडी घालते, ऋतू साथीला आला तर मुसंडी मारता येते. पण २०२४ मध्ये पुन्हा ९,११९. ऋतू आपल्या हातात नाही. तो चांगला आला त्या वर्षी अंडी घालायला पानं असणं एवढं आपल्या हातात आहे.

आज सकाळी मिल्कवीडच्या शेंगा उकलल्या. दुसऱ्या महायुद्धात जावाहून येणारा सावरीसारखा कापूस बंद झाला, तेव्हा लाइफ जॅकेटांमध्ये हाच कापूस भरत आणि शाळकरी पोरं रानोमाळ फिरून शेंगांच्या गोण्या गोळा करत. माझ्या लेकीला त्यात म्हातारी दिसली. साताऱ्याला आम्ही रुईची म्हातारी फुंकरीनं उडवायचो, तशी तिनं एक उडवली, ती थेट आजींच्या कुंपणापलीकडे गेली. बाकीच्या बिया पाकिटात भरून त्यावर तारीख घातली आहे. मार्चमध्ये त्या ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे ठेवायच्या आहेत.